कॅज्युअल्टीत सिस्टर आधी कोणाकडे जातात, आणि का

उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री एकाच वेळी चार जण आले, असं समजा. एकाच्या हाताला कोयता लागलाय, रक्त गळतंय आणि तो ओरडतोय. एका बाईंना दोन दिवसांपासून ताप आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ बाकावर गप्प बसलेत, कपाळावर घाम आहे आणि "ऍसिडिटी झालीय" म्हणतात. आणि तीन दिवस जुलाब होणारं एक लहान मूल आईच्या खांद्यावर निजलंय. बरोबर आलेल्या सगळ्यांना वाटतं, ओरडणाऱ्याला आधी घ्यावं. सिस्टर मात्र पहिल्यांदा त्या निजलेल्या मुलाला हलवून बघतात, अंगातलं पाणी कमी झालंय का हे कळायला पोटाची चामडी चिमटीत धरून सोडतात. गृहस्थांना ईसीजीसाठी आडवं व्हायला सांगतात. कोयता लागलेल्याच्या जखमेवर गॉजचा जाड पॅड ठेवून ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, तो घट्ट दाबून धरतात. जो ओरडतोय त्याची श्वासनलिका मोकळी आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं त्याच्या ओरडण्यातूनच कळतं. मूल रडत का नाही, हा जास्त गंभीर प्रश्न आहे.

या निवडीला ट्रायज म्हणतात. आधी कोण आलं याला इथे महत्त्व नाही, कोणाच्या हातात वेळ कमी उरलाय यावर रांग लागते. आपल्याकडे साधारण तीन रंग वापरतात. श्वास, रक्ताभिसरण किंवा शुद्ध यांतलं काही आत्ता धोक्यात असेल तर लाल. आत्ता स्थिर आहे पण तासाभरात बिघडू शकतो, तो पिवळा. थांबला तरी चालेल, तो हिरवा. मोठ्या दुर्घटनेत मृतांसाठी काळा रंग वाढतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत व्हावं लागतं, आणि त्यासाठी निदान लागत नाही. लाल रुग्णाला चुकून हिरवा रंग दिला तर जीव जातो. हिरव्याला लाल दिला तर फक्त एक खाट थोडा वेळ अडते. म्हणून शंका असली की वरचा रंग द्यायचा, हा नियम.

रंग ठरतो तो मोजमापांवर: नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, ताप, बोटाच्या रक्तातली साखर आणि शुद्ध. शुद्ध पाहायला चार पायऱ्या पुरतात. माणूस स्वतःहून जागा आहे, हाक मारल्यावर डोळे उघडतो, दुखावल्यावरच हलतो, की कशालाच प्रतिसाद देत नाही. या सगळ्यांत श्वासाची गती फार निष्काळजीपणे लिहिली जाते. दहापैकी नऊ केसपेपरांवर २० असेल, तर ती मोजलेली नाही असं खुशाल समजावं. ती पूर्ण एक मिनिट मोजायची, नाडी बघतोय असं दाखवत, कारण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो. प्रौढाची गती मिनिटाला २५-३० च्या वर असेल तर बीपी कितीही चांगलं दिसो, त्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं नाही.

मशीनही फसवतं. बोट थंड असेल किंवा नखांना गडद नेलपॉलिश असेल तर ऑक्सिजनचा आकडा खोटा येतो. जाड दंडावर लहान कफ बांधला तर बीपी असतं त्याहून जास्त दिसतं. अपघातातल्या तरुणाच्या बाबतीत तर बीपीवर भिस्त ठेवणं धोक्याचं. ६० किलोच्या माणसात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातलं १५ ते ३० टक्के, म्हणजे सहाशे मिलिलिटरपासून सव्वा लिटरपर्यंत, पोटात किंवा मांडीत साठलं तरी तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवून धरतं. त्या वेळी नाडी शंभरच्या वर जाते, हातपाय गार पडतात, माणूस अस्वस्थ होतो आणि पाणी मागतो. बीपी कोसळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दुचाकीवरून पडलेल्या, "काही झालं नाही" म्हणणाऱ्या मुलाच्या हाताला सिस्टर पुन्हा पुन्हा हात लावून बघतात. अशा रुग्णाला दोन्ही हातांत जाड सुया लागतात: करड्या रंगाची १६ नंबरची किंवा हिरवी १८ ची. निळी २२ नंबरची सुई पटकन लागते खरी, पण तिच्यातून रक्त आणि सलाइन जोरात जात नाही.

रुग्ण यायच्या आधीचं काम कोणाला दिसत नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला इमर्जन्सी ट्रॉली उघडून तपासायची. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून नळी घालायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, श्वासनलिकेत घालायच्या नळ्यांचे फुगे हवा धरतात का, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबल्यावर मास्कमधून हवा येते का, घशातली घाण काढायचं सक्शन ओढतं का, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर चार्ज होतो का. ऑक्सिजनचा हिशोब तर तोंडपाठ हवा. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरने तो दीड-दोन नव्हे, अडीच तास चालतो. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्ण पाठवायचा आणि रस्ता दोन तासांचा असेल, तर हे गणित गाडी सुटायच्या आधी करावं लागतं. पिशवीवाल्या मास्कला मिनिटाला १० ते १५ लिटर लागतात आणि लावण्याआधी पिशवी फुगवून घ्यायची असते. ऑक्सिजन वाचवायला तोच मास्क चार लिटरवर ठेवला तर पिशवी बसते आणि माणूस गुदमरतो.

पावसाळ्यात ग्रामीण भागातल्या कॅज्युअल्टीचं खरं काम सर्पदंशाचं. आपल्याकडे मुख्यतः चार विषारी साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. सर्पविषावरचं औषध, म्हणजे एएसव्ही, या चारांवर मिळून एकच असतं. त्यामुळे साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. त्या नादात आणखी एक जण चावून घेतो. सिस्टर आधी अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटाचे दोरे काढून टाकतात, कारण सूज चढली की तेच फास होतात. कोणी वर घट्ट दोरी बांधून आणलं असेल तर ती दारातच सोडायची नाही. अडलेलं विष एकदम रक्तात उतरू शकतं. शिरेत सुई, औषध आणि डॉक्टर तयार झाल्यावर मगच ती सैल करायची. सूज जिथवर आली तिथे पेनाने रेघ आणि बाजूला वेळ लिहायची. अर्ध्या तासाने रेघ मागे पडली की काही सांगावं लागत नाही.

मग येते वीस मिनिटांची चाचणी. तिला प्रयोगशाळा लागत नाही, सगळी भिस्त सिस्टरच्या काटेकोरपणावर. शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाहीये, म्हणजे घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची यंत्रणा बिघडवली. इथे चुका ठरलेल्या आहेत. प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही नीट गोठत नाही. साबणाने धुतलेल्या काचेतही तेच, कारण गोठण्याची सुरुवात स्वच्छ काचेच्या स्पर्शाने होते आणि साबणाचा पातळ थर ती अडवतो. नळीबद्दल शंका असेल तर सोबतच्या निरोगी माणसाचं रक्त तसल्याच दुसऱ्या नळीत घेऊन शेजारी ठेवावं. आणि मधेच "झालं का" म्हणून नळी हलवून बघायचा मोह टाळावा.

एएसव्ही पावडरच्या कुपीत येतं. प्रत्येक कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ती हळूहळू गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध खराब होतं. सुरुवातीचा डोस साधारण १० कुप्यांचा, म्हणजे विरघळवायलाच एका माणसाची दहा-पंधरा मिनिटं जातात. नातेवाइकांना ती "नुसती बाटल्या हलवत बसली" अशी वाटते. मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस लागतो, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. कातडीत टोचून बघायची चाचणी आता करत नाहीत. तिने रिॲक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. सलाइनमधून औषध पहिली काही मिनिटं अगदी हळू सोडायचं आणि खाटेजवळून हलायचं नाही. खाज, गांधी, उलटी, घशात आवळल्यासारखं वाटणं, बीपी उतरणं, यांपैकी काही दिसलं की औषध थांबवून मोठ्या माणसाला ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. ते सिरिंजमध्ये आधीच भरून, लेबल लावून उशाशी ठेवलेलं असतं. रिॲक्शन शमली की एएसव्ही पुन्हा हळू सुरू करतात. घाबरून ते कायमचं बंद करणं ही मोठी चूक आहे. हे ॲड्रिनलिन सोडलं तर रक्त गोठत नसलेल्या माणसाला धनुर्वाताचं किंवा दुसरं इंजेक्शन स्नायूत देत नाहीत, तिथे रक्ताची गाठ धरते. सहा तासांनी पुन्हा काचेची नळी. मधल्या वेळात लघवी किती झाली आणि कोणत्या रंगाची, हे लिहीत राहायचं, कारण घोणस मूत्रपिंडावर घाव घालते.

मण्यारचं वेगळं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, खूण बहुधा दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्याला सिस्टरचा पहिला प्रश्न असतो, "रात्री कुठे झोपला होता?" वर बघायला सांगून पापण्या तपासायच्या, एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. मघाशी ३० पर्यंत मोजणारा आता १२ वर अडखळत असेल तर छातीचे स्नायू लुळे पडत चाललेत, अंबू बॅग आणि नळी जवळ घ्यायची. इथे एक गोष्ट नातेवाइकांनीही लक्षात ठेवावी. मण्यारच्या विषाने माणूस पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, पण त्याला ऐकू येत असतं. खाटेशेजारी "गेला" म्हणू नये. चांगली सिस्टर अशा रुग्णाला प्रत्येक वेळी सांगते, "आता नळी साफ करते, थोडा ठसका लागेल, श्वास मशीन देतंय."

विंचूदंशाकडे कोकणात कोणी हलक्याने बघत नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या बीपीच्या गोळीचा वापर दाखवून दिला आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आणलं. घाम, गार हातपाय आणि खोकल्याबरोबर फेस दिसला तर उशीर करायचा नाही. गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवायचं, कारण उठून बसला की बीपी पडतं.

दुसरी मोठी लढाई कीटकनाशकाची. काहींनी ते प्यायलेलं असतं, काहींच्या अंगात फवारणीतून गेलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हे सगळ्या राज्याला कळलं. फॉस्फरसच्या गटातल्या विषात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडातून लाळ-फेस येतो, छाती घरघरते. कपडे कापून काढायचे, अंग, केस, नखांखाली साबण-पाण्याने धुवायचं, तेही हातमोजे आणि एप्रन घालून, नाहीतर धुणाऱ्यालाच मळमळ सुरू होते. ॲट्रोपिनचा ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचा. पहिला डोस ३ मिलिग्रॅमचा म्हटला तर पाच ॲम्प्यूल फोडायचे. पाच मिनिटांनी छाती कोरडी झाली नसेल तर दुप्पट, दहा. मग वीस. दहा मिनिटांत पस्तीस ॲम्प्यूल. ट्रॉलीत दहाच असतील तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हंगामात इन्चार्ज सिस्टर मागणीपत्रात ॲट्रोपिन आधीच वाढवून ठेवतात. मोजायचं काय, तर छातीतली घरघर गेली का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आली का. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसलं तर औषध जास्त होतं, मग ताप चढतो, माणूस बडबडतो, कपडे ओढतो, लघवी अडते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, "आता बरा आहे" म्हणताना, मानेचे स्नायू सैल पडू शकतात. प्रत्येक फेरीत "उशीवरून डोकं उचला" असं सांगायचं ते त्यासाठी. घरच्यांनी मीठपाणी पाजून उलटी करवू नये, विष फुप्फुसात जातं. बाटली किंवा तिचं लेबल मात्र जरूर आणावं.

छातीत दुखत असेल तर दहा मिनिटांत ईसीजी, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण छातीवरचे पहिले दोन लीड (ईसीजीच्या तारांची टोकं) चौथ्या फासळीच्या खालच्या फटीत लावायचे असतात आणि घाईत ते वर लागतात, मग ईसीजीची पट्टी नसलेला आजार दाखवते किंवा असलेला लपवते. मधुमेही माणसाला, विशेषतः बायकांना, छातीत न दुखताही झटका येऊ शकतो; दम आणि घाम पुरे. घरून जिभेखाली सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर देतात ती गोळी) ठेवून आणलं असेल तर ते सांगावं, त्याने बीपी पडलेलं असू शकतं. अर्धांगाच्या झटक्यात पहिली साखर तपासायची, कारण ती उतरली तरी एक बाजू लुळी पडल्यासारखी दिसते आणि ग्लुकोजने माणूस उठून बसतो. साखर ठीक असेल तर एकच प्रश्न: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत साडेचार तासांची आणि घड्याळ त्या क्षणापासून चालू होतं. "सकाळी सहाला उठवायला गेलो तर असं" याचा अर्थ सहा वाजता झालं असा होत नाही. रात्री दहाला बोलून झोपले असतील तर घड्याळ दहापासूनच. आणि पाणी, चहा काही पाजायचं नाही.

धावपळीत डॉक्टर तोंडी ऑर्डर देतात. ती ऐकून सिस्टरने मोठ्याने परत म्हणायची, नाव, डोस आणि मार्ग यांसकट, आणि दिल्यावर "दिलं" म्हणायचं. हे कवायतीसारखं वाटतं, पण ॲड्रिनलिन एकच असून त्याचे दोन जीव आहेत. हृदय बंद पडलं असेल तर १ मिलिग्रॅम शिरेत, दर तीन ते पाच मिनिटांनी. ॲलर्जीत, नाडी चालू असताना, ०.५ मिलिग्रॅम स्नायूत. दुसऱ्या माणसाला पहिल्याचा डोस गेला तर चालतं हृदय बिघडतं. पोटॅशियम क्लोराइडचा ॲम्प्यूल दिसायला निर्जंतुक पाण्यासारखा असतो. तो पातळ न करता शिरेत ढकलला तर हृदय थांबतं. त्याची जागा ट्रॉलीत नाही, वेगळ्या कपाटात, ठळक लेबलखाली. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, चालू असताना एक सिस्टर फक्त घड्याळ सांभाळते. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर दाबली जातेय ना, दोन मिनिटं झाली की "माणूस बदला", आणि शेवटचं ॲड्रिनलिन कधी गेलं, हे तीच सांगते.

अपघात, मारामारी, भाजणं, विष, अत्याचार, अशा प्रत्येक प्रकरणात एमएलसी, म्हणजे पोलिस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, होते. पण आधी उपचार. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि जखमीला आणून सोडणाऱ्या वाटसरूला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षण आहे, त्याला अडवून ठेवता येत नाही. एमएलसी नोंदवतात डॉक्टर. पुरावा राखतात सिस्टर. कपडे कापताना सुरीच्या किंवा गोळीच्या भोकातून कात्री घालायची नाही. रक्ताळलेला कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायचा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो आणि पुरावा जातो. नोंदीत अंदाज लिहायचा नाही. "दारू प्यायलेला" लिहिण्याऐवजी "तोंडाला दारूसारखा वास" लिहायचं. भाजलेली बाई काही बोलली तर तिचेच शब्द, वेळ घालून. चार वर्षांनी कोर्टात वकील तोच कागद पुढे करतो.

रंग एकदा दिला म्हणून संपत नाही. बाकावरचा हिरवा माणूस तासाभरात पिवळा होऊ शकतो, पिवळ्याकडे दर पंधरा-तीस मिनिटांनी जावंच लागतं. रात्री दोन सिस्टर आणि पंचवीस रुग्ण असले की नेमकं हेच सुटतं, आणि वाद इथेच पेटतात. माणसं रागावतात ती थांबावं लागलं म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त काही कळलं नाही म्हणून. "तुमच्या वडिलांचा ईसीजी झालाय, डॉक्टर आत एका श्वास अडकलेल्या बाळाजवळ आहेत, वीस मिनिटांत येतील" एवढं सांगायला दहा सेकंद लागतात. हात उगारणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा आणि अजामीनपात्र; परिचारिकाही त्यात येतात.

तुम्ही रुग्ण घेऊन येत असाल तर चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, ॲलर्जी आणि शेवटचं खाल्लं-प्यायलं कधी, एवढं हाताशी ठेवा. बोलायला एकच माणूस पुढे असू द्या, ज्याने प्रत्यक्ष पाहिलंय तो. आधी गावात कुठलं इंजेक्शन घेतलं असेल तर लाजून लपवू नका.

पाळी बदलते तेव्हा दोघी सिस्टर टेबलापाशी नव्हे, खाटेपाशी उभ्या राहतात. कोण, काय झालं, काय दिलं, किती वाजता, पुढचं कधी, आणि कशाची भीती वाटते. तीन नंबरच्या खाटेवरच्या मुलाच्या पायावरची रेघ जाणारी सिस्टर बोटाने दाखवते, येणारी स्वतः पापण्या उघडून बघते, काचेच्या नळीची पुढची वेळ मनगटावर पेनाने लिहून घेते. मग दोघी मिळून ट्रॉलीतले ॲम्प्यूल मोजतात.